तेरा सूत आत, तेवीस सूत बाहेर : जुन्या जीपचं बेअरिंग शोधताना

आमची जीप १९७८ ची. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोलवरची, उंच बॉनेटची. आबांनी ती १९९१ साली सेकंडहँड घेतली. ऊसाचं बेणं, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिनं ओढलं. २०१९ मध्ये आबा गेले. त्यानंतर फॉर्म ३१ भरून गाडी माझ्या नावावर करून घेतली, तेव्हापासून तिचं सगळं मीच बघते. इंजिन ऑइल, पॉइंट, कार्बोरेटर इथपर्यंत हात चालतो. चाकाच्या हबला, म्हणजे बेअरिंग असतात त्या मधल्या भागाला, मात्र मी कधी हात लावला नव्हता. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तो लावावा लागला, आणि एका पुढच्या चाकाचं बरोबर बेअरिंग मिळवून बसवायला पाच आठवडे गेले. मधल्या दिवसांत कुणीतरी नीट सांगायला हवं होतं असं फार वाटलं, म्हणून हे तपशिलात लिहीत आहे.

गाडीच्या नोंदणीची मुदत २७ फेब्रुवारी २०२३ ला संपत होती. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवून घ्यावी लागते, आणि मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. २०२३ मध्ये चारचाकीला ही फी ५,००० रुपये होती. १ एप्रिल २०२२ च्या आधी ती ६०० होती. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वर. पर्यावरण कर वेगळा. मी ३ जानेवारीला परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरला, पैसे भरले आणि तपासणीसाठी २१ फेब्रुवारीची तारीख घेतली. हातात भरपूर दिवस आहेत असं वाटत होतं.

८ जानेवारीला, रविवारी, आजऱ्याहून गडहिंग्लजला परत येताना पुढून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. वेग पस्तीसच्या वर गेला की सुरू, कमी केला की बंद. आधी टायरचा वाटला, कारण टायर गोटीचे आहेत आणि डांबरी रस्त्यावर ते गातातच. पण उजवीकडच्या वळणावर आवाज वाढत होता आणि डावीकडच्या वळणावर जवळजवळ जात होता. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे दुखणं डावीकडे. घरी पोचल्यावर दोन्ही पुढच्या हबना हात लावून पाहिला. उजवा कोमट होता. डाव्यावर तळहात दोन सेकंदसुद्धा ठेववेना.

दुसऱ्या दिवशी मागच्या चाकांना दगड लावून पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं. चाक वर आणि खाली धरून आलटून पालटून ओढलं, तर टकटक असा स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. या जीपमध्ये असा प्ले किंगपिनच्या (ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिच्या) झिजेमुळेही येतो, आणि दोन्ही कामांचा खर्च अगदी वेगळा आहे. ओळखायची युक्ती सोपी आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि चाक पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. भाच्याला ब्रेकवर बसवलं. प्ले गेला. बेअरिंग.

संक्रांतीमुळे मिस्त्रींना आठवडाभर वेळ नव्हता. आबांच्या वेळेपासून आमची गाडी बघणारे मामा आहेत, साठीच्या पुढचे. १७ जानेवारीला त्यांनी हब उघडला. आतलं ग्रीस ग्रीस राहिलंच नव्हतं, ताकासारखं पांढरट झालं होतं. पावसाळ्यात मळ्याकडं जाताना ओढा ओलांडावा लागतो. ऑइल सील कडक होऊन फाटलं होतं, त्यातून पाणी आत गेलं होतं. बेअरिंगच्या रोलरवर खवले उठले होते आणि एका बाजूला निळसर झाक आली होती, म्हणजे ते तापूनही गेलं होतं.

या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. प्रत्येक बेअरिंगचे दोन भाग. रोलरसकट जो आतला भाग असतो तो कोन, तो स्पिंडलवर, म्हणजे चाकाच्या स्थिर दांड्यावर, सरकतो. बाहेरची गुळगुळीत कडी म्हणजे कप, तो हबमध्ये ठोकून घट्ट बसवलेला असतो. नवीन घालताना दोन्ही भाग बदलायचे. जुन्या कपवर नवा कोन घातला तर जुने खवले नव्या रोलरना खातात.

मामांनी मला सांगितलं, “ताई, गावात जाऊन जीपचं पुढचं बेरिंग दोन नग घेऊन या.” मी गेले. दुकानदारांनी विचारलं, “कुठली जीप?” मी म्हणाले, महिंद्रा. त्यांनी फळीवरून दोन खोकी काढली. मी विचारलं, हे जुन्या जीपलाही चालतं ना? ते म्हणाले, “जीपचं बेरिंग म्हंजे जीपचं बेरिंग, त्यात काय बघायचं?” दोन नगांचे १,२४० रुपये दिले आणि पावतीवर ‘जीप बेअरिंग २’ एवढंच लिहून घेतलं. ती पावती पुढं महागात पडली.

१८ जानेवारीला बसवायला घेतलं. कोन स्पिंडलवर लोण्यासारखा सरकला. मामा खूश, मी खूश. मग कप हबमध्ये बसेना. काठावरच अडत होता. मामांनी हातोडा घेऊन एक टोला घातला, कप तिरका झाला. दुसरा टोला घालणार तेवढ्यात मी थांबवलं. हबचा कास्टिंगचा भाग फुटला तर कुठून आणायचा, ही भीती होती. मामा जरा नाराज झाले. “हब जरा आतनं घासून घेऊ, बसतंय,” म्हणाले. मी म्हटलं, मामा, आजची रात्र द्या मला.

त्या रात्री जुनी बेअरिंगं रॉकेलमध्ये भिजत घातली, दात घासायच्या ब्रशनं घासली आणि भिंगाखाली धरली. कोनच्या रुंद बाजूच्या कडेवर आकडे दिसले : १८५९०. कपवर गंजामुळे शेवटचे तीनच वाचता आले, ५२०. नव्या खोक्यातल्या कोनवर मात्र एलएम ५०१३४९ होतं आणि कपवर एलएम ५०१३१०.

मळ्यातल्या मोटारीची बेअरिंगं मी बदलून घेतलेली आहेत. तिथं ६२०५ म्हटलं की शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणायचं, आतलं भोक २५ मिलिमीटर. ६२०६ म्हणजे ३०. तोच हिशोब मी १८५९० ला लावायला गेले आणि काहीच जुळेना. इंचातल्या टेपर बेअरिंगच्या नंबरात माप लपलेलं नसतं. शिवाय कोनचा नंबर वेगळा आणि कपचा वेगळा. दोन्ही बघावे लागतात. दुकानात हे जोडून बोलतात, ‘१८५९०/२०’, म्हणजे कोन १८५९० आणि कप १८५२०. माझ्या कपवरचे पुसलेले आकडे कोणते, ते त्यावरून कळलं.

शेजारच्या आयटीआयच्या मुलाकडून व्हर्निअर आणला. जुना कप बाहेरून ७३.०२ मिलिमीटर, नवा ७३.४३. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, डोळ्याला दिसत नाही. आणि दोन्ही कोनांचं आतलं माप तंतोतंत एकच, ४१.२७. म्हणूनच कोन सरकला आणि कप अडला. जाडीतही फरक होता : जुनं १६.६७, नवं १९.५६. हे आकडे वहीत लिहिले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. दहा दिवसांत पहिल्यांदा शांत झोप लागली, कारण आता निदान काय शोधायचं ते माहीत होतं.

सकाळी दुकानात परत गेले. एका कपवर हातोड्याचा वण होता, तो सेट त्यांनी परत घेतला नाही. पावतीवर नंबर नसल्यामुळे मी चुकीचं मागितलं की त्यांनी चुकीचं दिलं, हे ठरवायला काही आधारच नव्हता. न उघडलेला सेट परत घेतला, ६२० रुपये मिळाले, ६२० गेले. तेव्हापासून मी कुठल्याही सुट्या भागाच्या पावतीवर नंबर लिहून घेते.

२४ जानेवारीला जुना कोन आणि कप फडक्यात गुंडाळून पिशवीत घातले आणि एसटीनं संकेश्वर-निपाणीमार्गे कोल्हापूर गाठलं. पहिल्या दुकानात १८५९०/२० आहे म्हणाले, ३५० रुपये फक्त. खोकं एका मोठ्या कंपनीचं. आत कोनवर एक शिक्का, कपवर दुसऱ्याच कंपनीचा. कोनवरचा नंबर अंगठ्यानं जरा जोरात चोळला तर पुसट झाला. चांगल्या बेअरिंगवरचा नंबर कोरलेला असतो, तो रॉकेलनं धुतला तरी जात नाही. खोक्यावर छपाई दाट आणि रेघा फिसकटलेल्या होत्या. मी काही न बोलता परत ठेवलं. माझ्या गाडीत आई बसते, भाचरं बसतात. पुढच्या चाकात नकली माल घालून मला घाट उतरायचा नव्हता.

शिवाजी उद्यमनगरात दोन-तीन ठिकाणी विचारत विचारत एका जुन्या बेअरिंगवाल्यांकडे पोचले. सत्तरीचे आजोबा गल्ल्यावर होते. मी नंबर सांगायच्या आधी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, बोटानं आतून चाचपला आणि म्हणाले, “तेरा सूत आत, तेवीस सूत बाहेर. हाय बॉनेटची गाडी न्हवं?”

मी वही उघडून दाखवली. त्यांनी मला हिशोब समजावला. ही जीप मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची, महिंद्रानं ती परवान्यावर इथं बनवली. सगळी मापं इंचात. आठ सूत म्हणजे एक इंच. आतलं माप एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, म्हणजे तेरा सूत. बाहेरचं दोन पूर्णांक सात अष्टमांश, म्हणजे तेवीस. जाडी सव्वापाच सूत. मिलिमीटरमध्ये ४१.२७५, ७३.०२५ आणि १६.६६७ असे विचित्र वाटणारे आकडे येतात, ते यामुळे. “आणि तुमास्नी जे दिलं ते बाहेरनं सुतात बसतच न्हाई बघा. कोन बसतोय म्हणून लोक फसत्यात.” आबांच्या तोंडून सूत हा शब्द मी लाकूडकाम आणि पाइपच्या संदर्भात शेकडो वेळा ऐकला होता. चाकातल्या कडीतही तोच निघाला याचा मला इतका आनंद झाला, की मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

त्यांच्याकडे एका चांगल्या भारतीय कंपनीचे दोन सेट मिळाले, प्रत्येकी ८४० रुपये. नंबर कोरलेले, कोन-कप एकाच कंपनीचे, खोक्यावर बॅच, किंमत आणि तारीख. मी व्हर्निअरनं तिन्ही मापं तिथंच घेतली, त्यांनी स्वतःहून व्हर्निअर पुढं केला. पावतीवर दोन्ही नंबर लिहिले. दोन ऑइल सील १८० रुपये, अर्धा किलो एपी थ्री ग्रीस २२०. या जीपच्या पुढच्या दोन्ही हबमध्ये आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकाच नंबरचं असतं, त्यामुळे गोंधळ कमी. बऱ्याच गाड्यांत तसं नसतं. आतलं मोठं, बाहेरचं लहान असतं. काढताना कुठलं कुठून काढलं याची खूण करून ठेवा.

काम संपलं असं वाटलं होतं. २७ जानेवारीला बसवायला घेतलं तर आतला कप छान घट्ट गेला आणि बाहेरचा अंगठ्यानं दाबल्यावर आपोआप आत गेला. नुसता गेला नाही, बोटानं फिरतही होता. जुना बाहेरचा कप काढताना तो सहज हातात आला होता हे मामांना आणि मला तेव्हा खटकायला हवं होतं. खराब बेअरिंगमुळे कप हबमध्येच फिरत राहिला आणि त्यानं आपली बैठक घासून मोठी केली होती.

मामा म्हणाले, “आता पंच मारून खडबडीत करूया आतनं, बसतंय घट्ट.” हा उपाय गावोगाव चालतो. पंचाच्या टोकांवर कप थोडे दिवस धरतो, मग ती टोकं दबतात आणि कप पुन्हा फिरायला लागतो. दुसरा उपाय त्यांना लगेच सुचला, आणि खरं सांगते, मलाही तो मोहात पाडत होता. ते आधीचं चुकीचं बेअरिंग घरात पडून होतंच. त्याचा कप मोठा. बैठक मोठी झाली आहे, मग तोच घालायचा की! मामांनी तो लावूनही पाहिला, काठावर धरत होता.

मी हब पिशवीत घालून ३१ जानेवारीला पुन्हा उद्यमनगर गाठलं. लेथवाल्या काकांनी आतून मापं घेतली, चार वेगवेगळ्या दिशांनी. प्रत्येक वेळी आकडा वेगळा. बैठक नुसती मोठी झाली नव्हती, ती गोलच राहिली नव्हती. त्यात कुठलाही कप घातला तरी तो एका बाजूला टेकणार आणि दुसऱ्या बाजूला पोकळ राहणार. शिवाय ते मोठं बेअरिंग जवळजवळ तीन मिलिमीटरनं जाड. तेवढा कोन बाहेर सरकला तर स्पिंडलवरच्या दोन नटांपैकी बाहेरच्याला पुरेसे आटे मिळणार नाहीत, आणि तोच नट चाक धरून ठेवतो. हे ऐकल्यावर तो मोह संपला. बुश, म्हणजे आतून एक कडी, घालून देता येईल का, असं विचारलं. काकांनी हबची भिंत बोटांत धरून दाखवली, “इथं पातळ हाय ताई. मी करून देईन, पण माझ्या घरच्या गाडीला करणार न्हाई.” त्यांनी तपासायचे पैसे घेतले नाहीत.

मग दुसरा हब शोधणं. हे नऊ दिवस सगळ्यात कठीण गेले. नवा मिळत नव्हता, जुने बरेच मिळत होते पण फोनवर सगळेच ‘एकदम कंडिशन’ सांगत होते. २१ तारीख जवळ येत होती. तपासणी पुढं ढकलावी का असा विचार रोज यायचा आणि आई रोज विचारायची, “झालं का गं चाकाचं?” शेवटी ९ फेब्रुवारीला निपाणीच्या बाजूला जुन्या जीप मोडणाऱ्या एकाकडे गेले. जाताना नवा कप सोबत नेला. हब जुना घेताना हे जरूर करा : कप बैठकीवर ठेवून अंगठ्यानं दाबा. आत गेला तर तो हब सोडून द्या. हातानं जाता कामा नये. पहिल्या दोन हबमध्ये गेला. तिसऱ्यात दोन्ही बाजूंना काठावर अडला. त्याचे १,५०० रुपये सांगितले, मी घासाघीस केली नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार. आदल्या रात्री दोन्ही कप तेलाचा हात लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवले होते, आणि हब सकाळपासून उन्हात. थंड कप किंचित आकसतो, गरम हब किंचित फुलतो. मामांनी पितळी रॉडनं कडेकडेनं, समोरासमोर हलके टोले घातले. कप तळाला टेकला की टोल्याचा आवाज बदलतो, बद्द होता तो खणखणीत होतो. मामांनी मला तो कान देऊन ऐकायला लावला. तीन आठवड्यांपूर्वीची नाराजी तिथंच गेली.

कोनमध्ये ग्रीस मी स्वतः भरलं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि कोनची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, रोलरच्या दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईपर्यंत. नुसतं बाहेरून फासलं तर आत कोरडंच राहतं. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढायचं, जुन्यात नवं मिसळायचं नाही. सीलची ओठासारखी कड ग्रीसच्या बाजूला.

नट आवळण्याबद्दल मामा आणि जुनं मॅन्युअल एकमतानं बोलतात. चाक हातानं फिरवत राहायचं आणि आतला नट चाक जड होईपर्यंत आवळायचा. मग एक षष्ठांश फेरा मागं. नट षट्कोनी असल्यामुळे एक षष्ठांश म्हणजे बरोबर एक पैल. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि प्ले लागता कामा नये. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशरची कड वाकवून पक्कं करायचं. फार आवळलं तर बेअरिंग जळतं. टेपर बेअरिंग आवळून ठेवण्याचं नसतं, हे मामा तीनदा बोलले.

उजवा हबही उघडला. तिथली बेअरिंगं धुऊन पाहिली, कप आरशासारखे होते. ती बदलली नाहीत. नवं ग्रीस आणि नवं सील एवढंच घातलं. दोन्हीकडची एकदम बदला असं बरेच जण सांगतात. माझ्या मते चांगलं बेअरिंग उगाच काढू नये. मजुरी दोन्ही चाकांची मिळून १,५०० झाली. चुकीच्या सेटचे ६२० धरून एकूण ५,७००, एसटीचं भाडं वेगळं.

संध्याकाळी भडगावपर्यंत गाडी नेली आणि परत आणली. उतरून हबना हात लावला, दोन्ही सारखेच कोमट. आवाज फक्त टायरचा.

२१ फेब्रुवारीला पहाटे निघून कोल्हापूरच्या आरटीओत गेले. मूळ आरसी, विमा, पीयूसी, फॉर्म २५ ची प्रत, पोर्टलवरच्या पावत्या. चासी नंबरची पेन्सिलनं घेतलेली छाप घरूनच नेली होती, तो नंबर असतो तिथला मातीचा थर आदल्या दिवशी खरवडून काढला होता. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले, नंबर जुळवला. पुढच्या चाकाला पायानं एक धक्का दिला आणि पुढच्या गाडीकडे गेले. दुपारी एकला काम झालं. परत येताना निपाणीपर्यंत मी रेडिओसुद्धा लावला नाही, फक्त चाकं ऐकत होते.

१९ मार्चला, साधारण पाचशे किलोमीटर झाल्यावर, दोन्ही चाकं पुन्हा जॅकवर घेतली. डावं एकदम गप्प. उजव्याला वर-खाली अगदी हलका प्ले लागतो, आणि भाच्यानं ब्रेक दाबल्यावरही तो राहतो. म्हणजे तिकडे किंगपिनचं काम निघालं आहे. पावसाळ्याआधी ते करायचं, आणि यावेळी मापं आधी घ्यायची.